आकाशाशी आपले नाते



आनंद झाला की आपल्याला आकाश ठेंगणे होते. घरातला कर्ता माणूस गेला की आभाळ कोसळते. चहूकडून संकटे आली की आभाळ फाटते आणि मग ठिगळ तरी कुठे कुठे लावायचे, असे आपण म्हणतो. कुणाच्या मनाचा मोठेपणा सांगायचा तर 'आभाळाएवढे मन' याहून मोठे माप आपल्याकडे नाही. मराठी माणसाने आपली सुखदुःखे अशी आभाळाशी बांधून ठेवली आहेत. मात्र बोलण्यातले हे आभाळ डोळ्यांनी पाहण्याची सवय सुटत चालली आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर ओट्यावर बसावे, मान वर करावी आणि घटकाभर चांदण्या पाहाव्यात, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांच्या दिनक्रमातून निघूनच गेली आहे.

तरीसुद्धा एखाद्या रात्री वीज जाते. पंखे थांबतात, टीव्ही बंद पडतो आणि माणसे कुरकुरत गच्चीवर येतात. थोड्या वेळाने कुरकुर थांबते. कुणीतरी वर पाहून म्हणते, "किती चांदण्या आहेत!" मग सारेच वर पाहू लागतात. मन निवते. आपण एकटे नाही, या सगळ्या पसाऱ्याचेच एक अंग आहोत, असे काहीतरी वाटून जाते.

हे वाटणे खरे आहे की नुसता मनाचा खेळ? आणि खरे असेल तर त्यातून आपल्यावर काही जबाबदारी येते का? आजच्या पाठात या दोन प्रश्नांचा आपण विचार करू या.

१. लहान वाटणे आणि आपले वाटणे

आकाशाकडे पाहिले की पहिली जाणीव होते ती आपल्या लहानपणाची. बायबलमधील आठव्या स्तोत्राचा कर्ता चंद्र आणि तारे पाहतो आणि त्याला प्रश्न पडतो, एवढ्या विस्तारात माणूस तो काय आणि देवाने त्याची आठवण तरी का ठेवावी? सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल याला या अफाट विस्ताराच्या शांततेने भीती वाटली. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट याने १७८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका ग्रंथाच्या शेवटी मनाला थक्क करणाऱ्या दोनच गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे डोक्यावरचे ताऱ्यांनी भरलेले आकाश, आणि दुसरी म्हणजे माणसाच्या आत असलेला नीतीचा नियम. आकाश पाहिले की आपले महत्त्व नाहीसे झाल्यासारखे वाटते, अंतःकरणात पाहिले की ते परत मिळते, असे त्याचे म्हणणे.

या तिघांच्या विचारांत एक धागा समान आहे. माणूस लहान आहे हे तिघेही मान्य करतात, पण कुणीही तेथे थांबत नाही. पास्कलनेही पुढे सांगितले की माणूस नदीकाठच्या लव्हाळ्यासारखा दुबळा असला तरी तो विचार करणारा आहे. तारा कितीही मोठा असो, आपण मोठे आहोत हे त्याला ठाऊक नसते. माणसाला मात्र आपण लहान आहोत हे ठाऊक असते.

आता एक गोष्ट पाहा. कचेरीत साहेबासमोर उभे राहिल्यावर आपल्याला लहान वाटते आणि ते बोचते. आकाशाखालीही लहान वाटते, पण तेथे ते बोचत नाही, उलट बरे वाटते. असे का? परक्यासमोर लहान असणे वेगळे आणि आईच्या कडेवर लहान असणे वेगळे. लेकरू आईपेक्षा किती लहान आहे याचे लेकराला दुःख नसते. म्हणजे खरा प्रश्न आपल्या आकाराचा नाही. आकाश आपले परके आहे की आपले सगे आहे, हा तो प्रश्न आहे.

२. नाते रक्तातले आहे

याचे उत्तर विज्ञानाने दिले आहे आणि ते कोणत्याही कल्पनेपेक्षा विलक्षण आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असते. रक्ताचा लाल रंग त्याच्यामुळे. आपल्या हाडांत आणि दातांत मिळून जवळजवळ एक किलो कॅल्शियम असते. ही द्रव्ये अन्नातून येतात, अन्नात मातीतून येतात. मग मातीत कुठून आली? १९५७ साली मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल या चार शास्त्रज्ञांनी एक मोठा शोधनिबंध लिहून दाखवून दिले की कार्बन, ऑक्सिजन, कॅल्शियम, लोह यांसारखी मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात आणि ताऱ्यांच्या स्फोटांत तयार होतात. फुटलेल्या ताऱ्यांची ही राख अंतराळात पसरली. त्याच राखेतून पुढे सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी आपला सूर्य आणि आपली पृथ्वी घडली. आपल्या नसांतून वाहणारे लोह अशा विझलेल्या ताऱ्यांकडून आले आहे.

यांपैकी फ्रेड हॉइल हे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी केली आणि २०२५ साली त्यांचे निधन होईपर्यंत मराठी मुलांना आकाशाची ओळख करून देण्याचे काम सोडले नाही.

हॉइल यांचा एका सिद्धान्ताला मात्र कायम विरोध होता. विश्वाला एक आरंभ आहे आणि ते तेव्हापासून प्रसरण पावत आहे, हा तो सिद्धान्त. १९२७ ते १९३१ या काळात तो मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू होते. विशेष म्हणजे आपल्या या सिद्धान्ताचा कुणी देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून उपयोग करावा, हे लमेत्र यांना पसंत नव्हते. विज्ञानाचा प्रश्न विज्ञानाच्या रीतीने सुटावा, असा त्यांचा आग्रह होता. आपणही तो लक्षात ठेवावा. आकाश हे वादात जिंकण्याचे हत्यार नव्हे.

या दोन विरोधकांची गाठ कुठे पडते, तर आपल्या पाण्याच्या पेल्यात. पाण्यातला हायड्रोजन लमेत्र यांनी सांगितलेल्या त्या आरंभकाळातला, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच पाण्यातला ऑक्सिजन हॉइल यांनी सांगितलेल्या ताऱ्यांमधला. बाळाच्या कपाळावर आपण बाप्तिस्म्याचे पाणी ओततो तेव्हा त्या पाण्याचे वय एवढे असते.

तेव्हा गच्चीवर 'आपण या पसाऱ्याचेच अंग आहोत' असे ज्याला वाटले, त्याला भास झाला नव्हता. त्याला वाटले ते खरेच होते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ताऱ्यांशी आपले नाते आहे याचा अर्थ तारे आपले नशीब चालवतात असा नव्हे. संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच विचारले होते की एकाच वेळी जन्मलेल्या जुळ्या भावांची आयुष्ये इतकी वेगळी कशी? वर्तमानपत्रातील राशिभविष्य वाचून दिवस ठरवणे हे नाते नव्हे. नात्यात ओळख असते, धाक नसतो.

३. आभाळाचे घड्याळ

हे नाते केवळ जुन्या राखेपुरते नाही. आपले रोजचे जगणेही आभाळाच्या चालीवर चालते. आपल्या वसई भागात हे सांगायला पुस्तक लागू नये.

अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळी बांधवांना विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमारास भांग असतो. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र पडते, म्हणून उधाण. ते काटकोनात आले की ओढ विभागते, म्हणून भांग. किनाऱ्यावरचा जुना हिशेबही सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच उशिरा येते. होडी पाण्यात केव्हा लोटायची हे चंद्र ठरवतो.

शेतकऱ्याचेही तसेच. जून उजाडला की वाडीतला ख्रिस्ती शेतकरीसुद्धा विचारतो, "मिरग लागला का?" साधारण ७ किंवा ८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि पावसाची आशा सुरू होते. पण त्या दिवसांत मृग नक्षत्र दिसत नाही, कारण सूर्यच तेथे असतो. मृग पाहायचे असेल तर हिवाळ्यात पाहावे. नाताळच्या रात्री मिस्सा आटोपून बाराच्या सुमारास बाहेर पडाल तेव्हा जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेकडे पाहा. एका ओळीत सारख्या अंतरावर असलेले तीन तारे दिसतील. तोच मृगाच्या पोटात घुसलेला बाण. त्याच्या चारी बाजूंचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय, आणि तीन ताऱ्यांची ओळ खाली आग्नेयेकडे वाढवली की जो लखलखीत तारा लागतो तो व्याध. ज्या जागी नाताळच्या थंडीत आपण हे तारे पाहतो, त्याच जागी जूनमध्ये सूर्य असतो आणि आपण पावसाची वाट पाहत असतो.

व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांहून थोडा दूर आहे. म्हणजे आज रात्री त्याचा जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरेल तो साडेआठ वर्षांपूर्वी तेथून निघाला. तिसरीत शिकणाऱ्या मुलाला सांगा, तू जन्मलास त्या सुमारास निघालेला हा प्रकाश आज तुला भेटायला आला आहे. मग पाहा तो किती वेळ मान खाली घालत नाही!

आपले उपासनेचे वर्षही आकाशाकडे पाहूनच ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टरचा. यहुदी लोकांचा पास्का सण पौर्णिमेला येतो, त्यावरून हा हिशेब आला. म्हणजे आभाळ निरभ्र असेल तर गेथशेमाने बागेत त्या रात्री टिपूर चांदणे असणार. तरीही येशूला धरायला आलेली माणसे कंदील आणि मशाली घेऊन आली होती, असे संत योहान नोंदवून ठेवतो.

४. डोळे गेले तरी

इ.स. १२२५ च्या सुमारास असिसीचे संत फ्रान्सिस सान दामियानो येथे आजारी पडून होते. डोळ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि उजेड त्यांना सहन होत नव्हता. अशा अवस्थेत त्यांनी सृष्टीचे आपले प्रसिद्ध गीत रचले. त्यात सूर्याला त्यांनी भाऊ म्हटले, चंद्र आणि ताऱ्यांना बहिणी म्हटले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पर्यावरणावर जे पत्र लिहिले, त्याचे 'लाउदातो सी' हे नाव याच गीतातून घेतले आहे.

ज्याला सूर्याचा प्रकाश सोसवत नव्हता त्याने सूर्याला भाऊ म्हणावे, हे आपण थोडे थांबून समजून घ्यायला हवे. आकाश सुंदर दिसले म्हणून प्रेम वाटले, ही झाली भावना, आणि ती ढग आले की संपते. संत फ्रान्सिस यांचे प्रेम दिसण्यावर टिकून नव्हते, ते नात्यावर टिकून होते. आजारी भावाला आपण भेटतो ते तो देखणा आहे म्हणून नव्हे.

आपल्या घरांतही हे नाते आहेच. आपण मुलांना चंद्र दाखवताना काय म्हणतो? चांदोमामा. इटलीत बहीण तर आपल्याकडे मामा, पण दोघांनीही त्याला घरच्या माणसांत धरले. आणि घरचा माणूस म्हटला की नुसते पाहून भागत नाही. त्याचे बरेवाईट पाहावे लागते.

५. आभाळ पुसले जात आहे

अगदी काळोख्या ठिकाणी नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दोन ते तीन हजार तारे दिसू शकतात. शहरात फार तर काही डझन दिसतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाचा कृत्रिम प्रकाशाचा नकाशा तयार केला. त्यातून दिसले की जगातील एक तृतीयांश लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसतच नाही. आजोबांनी ओट्यावरून पाहिलेली आकाशगंगा नातवाला चित्रात दाखवावी लागते.

ही अडचण व्हॅटिकनलाही चुकली नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली व्हॅटिकनच्या वेधशाळेची नव्याने स्थापना केली. पुढे रोम शहराचे दिवे इतके वाढले की १९३० च्या दशकात वेधशाळा तेथून कास्टेल गांडोल्फो या गावी न्यावी लागली. काही दशकांत दिव्यांनी तेही गाव गाठले. शेवटी १९८१ साली तेथील धर्मगुरू-शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात दुसरे केंद्र उघडले आणि १९९३ मध्ये तेथील ग्रॅहम पर्वतावर त्यांची दुर्बीण उभी राहिली. तारे पाहण्यासाठी एवढा दूरचा प्रवास करावा लागला.

नुकसान केवळ पाहणाऱ्यांचे नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ पासून कासवांच्या संवर्धनाचे काम चालते. वाळूतून बाहेर पडलेले कासवाचे पिल्लू जिकडे क्षितिज उजळ असेल तिकडे धावते, कारण लाखो वर्षे रात्री उजळ बाजू समुद्राचीच असे. किनाऱ्यावर दिवे लागले की ते उलट्या दिशेने जाते आणि मरते. काजव्यांचेही तसेच. आपल्या इवल्या दिव्याने ते जोडीदाराला बोलावतात. हायमास्टच्या झगझगाटात ती हाक कुणाला दिसणार?

आता कुणी म्हणेल, "फादर, रस्त्यावर दिवे नकोत का? रात्रपाळी करून येणाऱ्या आमच्या मुलीबाळींनी अंधारातून यायचे का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. दिवे हवेतच. पण दिव्याचे काम रस्ता दाखवण्याचे आहे, ढग उजळण्याचे नाही. वरून झाकण असलेला, खाली तोंड केलेला दिवा कमी विजेत रस्ता अधिक चांगला दाखवतो. तो डोळ्यांवर येत नाही, त्यामुळे सावलीत उभा असलेला माणूसही दिसतो. उघडा हॅलोजन मात्र डोळे दिपवतो आणि त्याच्या मागचे काहीच दिसू देत नाही.

हे जमते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील दिवे बदलून जमिनीकडे प्रकाश टाकणारे दिवे बसवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. आकाश मात्र त्यांना परत मिळाले.

मग आपण आपल्याकडे पाहू या. चर्चच्या दर्शनी भागावर खालून वर सोडलेले फोकस, क्रुसाजवळ रात्रभर जळणारे हॅलोजन, सणाची रोषणाई सण संपल्यावरही कित्येक दिवस तशीच. हे सारे आपण भक्तिभावानेच करतो. पण आकाश ही देवाची निर्मिती आहे असे आपण उपासनेत म्हणत असू, तर तीच झाकून टाकणारा दिवा तिच्या निर्मात्याच्या सन्मानार्थ कसा लावायचा? गेथशेमानेच्या चांदण्यात मशाली घेऊन आलेल्या माणसांची आठवण येथे होते. वर चंद्र असताना तो त्यांना पुरेसा वाटला नव्हता.

६. कृती

या महिन्यात प्रत्येक कुटुंबाने अमावास्येच्या आसपासची एक निरभ्र रात्र निवडावी. घरातले आणि अंगणातले दिवे बंद करून, मोबाईल घरात ठेवून, वीस ते तीस मिनिटे बाहेर बसावे. एवढा वेळ यासाठी की आपले डोळे अंधाराला सरावायला तितका वेळ घेतात आणि मोबाईलकडे एकदा पाहिले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आजी-आजोबा असतील तर त्यांना मधोमध बसवावे, कारण सप्तर्षी, ध्रुव आणि मृग त्यांना ठाऊक असतात. पहिली दहा मिनिटे कंटाळा येईल. तो येऊ द्यावा.

घराबाहेरचा जो दिवा वर किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत उजेड टाकतो, त्याला पत्र्याची साधी टोपी बसवावी. चर्चच्या आवारातील आणि क्रुसाजवळचे दिवे कोणते ठेवायचे, कोणते खाली वळवायचे आणि रोषणाई रात्री किती वाजता बंद करायची, हा विषय आम्ही पाळकीय मंडळाच्या पुढील सभेत ठेवत आहोत. आपल्या सूचना लेखी द्याव्यात, विरोध असेल तर तोही लिहावा.

समूहचर्चेसाठी प्रश्न

१. आकाशाकडे पाहताना आपल्याला भीती वाटते, एकटे वाटते की सोबत वाटते? तसे का वाटत असावे?

२. चंद्र, भरती, पाऊस, नक्षत्रे यांविषयी आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेल्या कोणत्या गोष्टी आपल्या मुलांना ठाऊक नाहीत?

३. आपल्या वाडीतील कोणता एक दिवा बदलला तर रस्त्याचा उजेड कमी न होता आकाश थोडे अधिक दिसेल? त्यासाठी कुणाशी बोलावे लागेल?